महिलांनी समाधान व्यक्त केले

संपादकांचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, 'अध्यापनातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं.' आधीच सांगून टाकते, तसलं काही माझ्याच्यानं होणार नाही. गमती पुष्कळ घडल्या, पण एकेक आठवायला बसलं की हसू यायच्या आधी डोकं तापतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, तरी तापतं. ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी पुढची पानं उलटून पाककृतीवर जावं.

बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. बी.ए.ला काय मिळेल ते, एम.ए.ला मात्र समीक्षा, म्हणजे साहित्याचे सिद्धांत, वक्तृत्वशास्त्र आणि स्त्रीवादी समीक्षा. बारामतीत माझ्या शेजारी तात्या राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा फाटकात उभं राहून विचारलं, "मॅडम, तुमी शिकवता काय नक्की?"

"लिहिलेलं कसं वाचायचं ते, तात्या."

"वाचाय तर पोरं पयलीतच शिकत्यात की. त्यासाठनं एम.ए. कशाला?"

तात्यांना त्या दिवशी मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं उत्तर असं आहे की पहिलीत अक्षरं वाचायला शिकवतात, आणि आमच्याकडे त्या अक्षरांमागचा माणूस. कुठलाही मजकूर समोर आला की चार प्रश्न विचारायचे. हे कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? कुणाच्या वतीनं बोलतंय? आणि ज्याच्याविषयी चाललंय त्याला कुणी बोलू दिलंय का? मोठमोठ्या परदेशी सिद्धांतांचा जाड काढा मी मुलांना पाजला, पण आटवून आटवून शेवटी कपात एवढंच उरतं. या चार प्रश्नांत बाईच्या बाजूनं उभं राहिलं की झाली स्त्रीवादी समीक्षा. त्यात कुणी कुणाचं घर मोडत नाही.

हे समजावायला मी वर्गात लग्नपत्रिका न्यायचे. आपल्या भागातली पत्रिका तुम्हाला माहीत आहे. 'आपले नम्र' खाली चुलते, मालक, आबा, अण्णा, दादा, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सगळे पुरुष. तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन वर्षांची पोरं. जिनं नवरदेवाला नऊ महिने पोटात वागवलं तिला 'सौ. व श्री.'मधल्या 'सौ.'एवढी जागा. मी विचारायचे, "दोन वर्षांच्या पोराला बोलता येतं आणि आजीला येत नाही, असं का?" सणसरहून येणारा एकजण फार कळवळून म्हणाला, "मॅडम, जागाच न्हाय वो. बाया छापायच्या म्हटल्यावर पाव्हणं कुठं छापायचं?"

वर्ग हसला. मीही हसले. आता वाटतं, हसायला नको होतं.

आमच्या विभागात हा स्त्रीवादाचा पेपर कुणालाच नको असायचा. विभागप्रमुख सर पेपर वाटताना म्हणायचे, "स्त्रीवाद मॅडमना द्या, तो त्यांच्याच घरचा विषय." जणू मी तो माहेरून शिदोरीत बांधून आणला होता. वेळापत्रकात त्याला सगळ्यात शेवटचा तास. आता आमच्या मुली कुठनं कुठनं यायच्या, त्यांची शेवटची एसटी त्या तासाच्या आधी सुटायची. ती चुकली तर घरी बोलणी, आणि दोनदा चुकली तर कॉलेजच बंद. त्यामुळे स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला मुलीच नसायच्या. मोटरसायकलवाली सात-आठ मुलं समोर, आणि त्यांना मी सांगतेय की बाईचा आवाज मजकुरातून कसा गायब होतो! दोन वर्षं मी हे निमूट चालवलं. तिसऱ्या वर्षी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, तास सकाळी द्या, नाहीतर मी तो एसटी स्टँडवर घेते. तेव्हा कुठं वेळ बदलली. तेवढ्यावरून माझं नाव 'भांडकुदळ' पडलं आणि मी ते बरीच वर्षं पदकासारखं मिरवलं.

या बदललेल्या सकाळच्या तासाला मंगल आली.

मंगल म्हणजे तिशी ओलांडलेली, आठवीतल्या मुलीची आई. माहेर कळसचं. सासरच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिला विचारलं असतं तर तिनं बेधडक लिहा म्हटलं असतं, हेही मला माहीत आहे. सासरची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. आता बागाईत आहे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची करतात, थोडं डाळिंब. ही बाई पहाटे माल तोडून, क्रेट भरून, गाडीत चढवून मग स्कुटीवरून वर्गात यायची. बोटांना टोमॅटोच्या झाडाचा हिरवा-काळा राप चढलेला असायचा आणि उत्तरपत्रिकेवर त्याचे ठसे उमटायचे. वर्गातली बाकीची मुलं बाजारातल्या गाईडमधून 'स्त्रीवादाचे फायदे व तोटे' पाठ करायची. होय, तोटेसुद्धा, आठ मुद्दे! मंगलकडे गाईड नव्हतं. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर पटेपर्यंत खाली बसायची नाही.

मी चार प्रश्न फळ्यावर लिहिले त्या दिवशी ती उठली. "मॅडम, हे गोष्टी-कवितेलाच लागू हाय का कुठल्या बी कागदाला?"

मी ताठ्यात म्हटलं, "कुठल्याही कागदाला."

तिनं पर्समधून चार घड्या घातलेली झेरॉक्स काढली. तास संपल्यावर आम्ही ती व्हरांड्यात बसून वाचली.

ते तिच्या गावच्या महिला ग्रामसभेचं इतिवृत्त होतं. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. सभेत जे घडलं ते ग्रामसेवकानं वहीत लिहायचं, ठराव कुणी मांडला तो 'सूचक', कुणी पाठिंबा दिला तो 'अनुमोदक', खाली सह्या. तर गावात बाजारतळाजवळ भाजी विकणाऱ्या बायकांसाठी शेड आणि स्वच्छतागृह होणार होतं. बायका दिवसभर तिथं बसतात आणि पाणी पीत नाहीत, का ते सांगायला नको. एक दिवस त्या जागेवर तरुणांच्या व्यायामशाळेचा फलक लागला. बायका विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "तुमीच तर ठराव केलाय!" मंगलनं माहिती अधिकारात अर्ज टाकून नक्कल मिळवली. त्यात लिहिलं होतं, 'सदर जागा व्यायामशाळेस द्यावी अशी महिलांनी एकमुखाने मागणी केली. महिलांनी समाधान व्यक्त केले.' सूचक पारूबाई, म्हणजे मंगलची सासू. अनुमोदक खुद्द मंगल.

"त्या दिवशी आमी दोघी टोमॅटोत हुतो, मॅडम. सभा झालीच न्हाय. चार दिवसांनी शिपाई वही घेऊन घरोघर आला. रेशनचं हाय म्हणला, करा सही. आत्यांनी अंगठा दिला. मी घाईत हुते, मी बी केली." मग तिनं कागदावर बोट ठेवलं. "मी बोललेच न्हाय, तर माझ्या तोंडचं हे वाक्य कुणी लिव्हलं?"

तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी तिला तिथल्या तिथं सांगितलं, हाच तुझ्या एम.ए.च्या प्रकल्पाचा विषय. दुसऱ्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्यानं एक छोटा शोधप्रबंध लिहायचा असतो आणि त्याशिवाय पदवी मिळत नाही. बहुतेक मुलं कुठल्यातरी कादंबरीतलं 'स्त्री-चित्रण' घेतात, मागच्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरवतात आणि सोनेरी अक्षरांची बांधणी करून आणतात. मंगलनं आणखी अर्ज टाकून मागच्या कित्येक सभांची इतिवृत्तं मिळवली आणि त्यातली क्रियापदं वेगळी काढली. पुरुष बसतात त्या सभेत माणसं विचारतात, हरकत घेतात, खुलासा मागतात, क्वचित सभात्याग करतात. बायकांच्या सभेत बायका उपस्थित असतात, अनुमोदन देतात, आभार मानतात आणि समाधान व्यक्त करतात. वर्षानुवर्षं हेच. एकाही सभेत एकाही बाईनं काही विचारल्याची नोंद नाही. मग ती त्या सह्या करणाऱ्या बायकांच्या घरी गेली, एकेकीला ठराव वाचून दाखवला आणि त्यांचं म्हणणं नावासकट लिहून आणलं. पारूबाई म्हणाली होती, "मी सूचक? मला तर मुतायला जागा पायजे हुती." मंगलनं ते तसंच्या तसं लिहिलं. मी त्याच्याखाली लाल रेघ मारली नाही याचा मला आजही अभिमान आहे. पण माझा अभिमान इथंच संपतो.

गावात सरपंच बाई आहेत आणि कारभार त्यांचे यजमान बघतात, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. हे यजमान आमच्या संस्थेतल्या एका सभासदांचे पाहुणे निघाले. मंगल घरोघर विचारत फिरतेय हे त्यांच्या कानावर गेलं. एक फोन प्राचार्यांना आला, प्राचार्यांकडून विभागप्रमुखांना. लगेच विषय-निवड समितीची बैठक लागली. समिती म्हणजे विभागप्रमुख सर, दुसरे एक सर आणि मी. मंगलला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

सर म्हणाले, "मॅडम, आपण साहित्याचं बघू. ग्रामपंचायतीच्या वहीत कसलं आलंय साहित्य?"

मी म्हटलं, "न झालेल्या सभेचं वर्णन आहे, सर. न बोललेले संवाद आहेत. मग ती कादंबरीच की."

दुसरे सर हसले. विभागप्रमुख हसले नाहीत. "त्यात बायकांची नावं हायत. उद्या कोणी कोर्टात गेलं तर? तिला म्हणावं कादंबरी घे एखादी. वर्ष कशाला वाया घालवती?"

मी भांडले. हे मी मुद्दाम लिहितेय, पण पुढचंही लिहिलं पाहिजे. मी फार तर दहा मिनिटं भांडले. मग मनात हिशेब सुरू झाला. पोरीचं वर्ष जाईल. गावात तिला त्रास होईल. पदवी तर पदरात पडू दे, लिहायचं ते पुढं लिहील. हे सगळं मी तिच्या भल्यासाठी ठरवत होते, आणि ती दहा पावलांवर बाकावर बसलेली होती. उठून दार उघडून 'मंगल, आत ये, तुझं काय म्हणणं आहे?' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही हेही खरं नाही. सुचलं होतं, मी विचारलं नाही.

आमच्या विभागाच्या बैठकांचं इतिवृत्त कायम मीच लिहायचे. का? तर 'मॅडमचं अक्षर सुंदर आहे.' पुरुष बोलायचे आणि मी लिहायचे. दरवर्षी वर्गात या गोष्टीचं उदाहरण द्यावं असं मला वाटायचं आणि दरवर्षी मी वही पुढं ओढून लिहायला बसायचे. त्याही दिवशी बसले. कुणी मजकूर सांगितला नाही, कुणी हात धरला नाही. माझ्या सुंदर अक्षरात मी लिहिलं, 'सखोल चर्चेअंती विद्यार्थिनीने स्वेच्छेने विषय बदलण्यास संमती दर्शविली. विद्यार्थिनीने समाधान व्यक्त केले. सर्वानुमते मंजूर.'

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी वर्गात दृष्टान्त म्हणून शिकवायचे!

मंगलला सहीसाठी आत बोलावलं. सरांनी पेन पुढं केलं. तिनं पेन घेतलं आणि आधी वाचलं, कारण कागद पुढं आला की आधी वाचायचा हे तिला मीच शिकवलं होतं. वाचायला तिला वेळ लागला. मग सरांकडे न बघता माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मॅडम, हे कोण बोललं?"

"अगं, ती पद्धत असती लिहायची," विभागप्रमुख म्हणाले. "सगळ्यांचंच तसं लिहितात."

"मी तर भाईर बाकावर हुते, सर." आणि पुन्हा मला, "मॅडम, ह्यात माझं म्हणणं लिवाल का? एकच ओळ. मला विषय बदलायचा न्हाय, एवढंच."

मी विभागप्रमुखांकडे बघितलं. फक्त बघितलं. ते म्हणाले, "आता पान भरलंय." पान भरलं नव्हतं, चांगली अर्धी जागा शिल्लक होती. मंगललाही ती दिसत होती. तिनं पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर नीट ठेवलं आणि सही न करता निघून गेली. वही बंद करताना सर मला म्हणाले, "बघा, तुमच्या स्त्रीवादाचा परिणाम." मी त्यावरही काही बोलले नाही. भांडकुदळ बाई!

मंगलनं दुसरा विषय घेतला नाही. प्रकल्प नाही म्हणून पदवी नाही. त्या वर्षी जी पोरं पास झाली त्यांतल्या एकानं उतरवलेल्या प्रकल्पात मूळ विद्यार्थ्याचं नाव बदलायचं राहून गेलं होतं, आणि तो प्रथम श्रेणीत आला. मी स्वतः त्याच्या गुणपत्रिकेवर सही केली. मंगलला फोन करावा असं शंभरदा मनात आलं. काय बोलणार? निवृत्तीच्या समारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं आणि 'स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या' असं माझं वर्णन झालं. मी व्यासपीठावर बसून ते ऐकून घेतलं.

मग या वर्षी उन्हाळ्यात तिचा फोन आला. "मॅडम, घरी या. काम हाय."

मी गेले. घरापुढं क्रेटची थप्पी, ओट्यावर पारूबाई मिरच्या निवडत बसलेली. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्याच व्हय त्या बाई?" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मंगलनं आतून दोन जाड फुलस्केप वह्या आणल्या. तिनं प्रकल्प पुरा केला होता. कुणासाठी नाही, कुठल्या विद्यापीठासाठी नाही. पहाटेची तोड झाल्यावर रोज थोडं थोडं लिहून, बायकांची खरी नावं, खरी वाक्यं, संदर्भ, तळटिपा, सगळं रीतीप्रमाणे. गावात तिनं तो बायकांना वाचून दाखवायला घेतला होता, एका वेळी एक प्रकरण, पारूबाईच्या ओट्यावर. पुढच्या महिला ग्रामसभेच्या दिवशी बायकांनी माल तोडायचा नाही, सभा होईपर्यंत पंचायतीच्या दारात बसायचं असं ठरलं होतं. "शेड मिळंल का न्हाय ठावं न्हाय," ती म्हणाली. "पण वही आमच्या म्होरं लिवायची."

"तुमी शेवटचं प्रकरण बघा," तिनं वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली.

शेवटचं प्रकरण आमच्या बैठकीवर होतं. माझ्या इतिवृत्ताची नक्कल तिनं कॉलेजकडून अर्ज करून मिळवली होती. तेच चार प्रश्न, ओळीनं उत्तरं. कोण बोलतंय, कुणाच्या वतीनं, कुणाला बोलू दिलं नाही. मी आयुष्यात इतकं चोख विवेचन तपासलं नव्हतं, आणि ते माझ्याच वाक्याचं होतं. कुठं आकस नाही, कुठं चढा शब्द नाही. उलट शेवटच्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं, 'मॅडम माझ्या बाजूच्या होत्या, परंतु त्यांच्यावर वरिष्ठांचा दबाव असल्याने त्यांचा नाइलाज झाला.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. असंल असं वाटलं. तुमाला कशाला कमीपणा आणायचा, मॅडम?"

म्हणजे न बोललेलं माझ्या तोंडी घालून तिनं मला सोडवलं होतं. मी पेन मागितलं. तीस वर्षं मुलांच्या चुका खोडल्या, पण एवढी कठीण रेघ कधी मारली नव्हती. पूर्ण वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'दबाव नव्हता. मला कुणी धमकावलं नाही. विद्यार्थिनीला आत बोलावून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. वाक्य मी माझ्या मनानं लिहिलं.'

मंगलनं वही घेतली आणि सावकाश वाचलं. ओट्यावरून पारूबाईनं विचारलं, "काय लिव्हलं गं बाईंनी?" मंगलनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी मिरच्या निवडायची थांबली, ऐकून घेतलं आणि पुन्हा निवडायला लागली.

मग मंगलनं पहिलं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. 'मार्गदर्शक' असं लिहून खाली जागा सोडलेली होती.

"हितं सही पायजे, मॅडम," ती म्हणाली. "पण सगळं वाचून करा. मला घाई न्हाय."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.